थेंबाला शिवलो नाही

९ जानेवारी

व्यसनमुक्तीवाल्या बाई पुन्हा आल्या. ही वही त्यांचीच. आज कागद वाटले — ‘तुरुंगातल्या दिवसांकडे तुम्ही कसे पाहता?’ खाली चार तोंडं काढलेली: हसरं, बरं, रडकं, रागीट. एकावर खूण करायची! पन्नाशी उलटलेल्या माणसाने! रागीट तोंडावर अशी खूण केली की कागद फाटला.

शेजारच्या श्रीपतरावांनी हसऱ्यावर केली. त्यांची ही सातवी खेप. बाहेर गेले की पितात, प्यायले की चोरी करतात. ‘हे माझं माहेर, मानसिंगराव. आलो की अंगावर मूठभर मांस चढतं.’ लाज नाही या माणसाला! मी स्पष्ट सांगितलं, माझी ही पहिली आणि शेवटची.

११ जानेवारी

१८३वा दिवस. थेंबाला शिवलो नाही.

१९ जानेवारी

मुलाकातीला संयोगिता आली, लेकीला घेऊन. काचेपलीकडे दोघी, मध्ये फोन. श्रद्धाचं लग्न १४ फेब्रुवारीला. सुभानपुऱ्यात हॉल घेतलाय. वकिलाने पॅरोलचा अर्ज टाकलाय, पण पोलीस घरी जाऊन विचारणार — हा माणूस आलेला चालेल का?

‘काय सांगणार?’ म्हटलं. बायकोने लेकीकडे पाहिलं. फोन श्रद्धाने घेतला. ‘बाबा, शुद्धीत राहणार असाल तर या. नाहीतर इथेच थांबा.’

सहा महिने थेंबाला शिवलो नाही आणि पोटची पोर अटी घालते! फोन आपटला. आता मन खातंय — तिने पोलिसांना नाहीच म्हटलं तर?

२३ जानेवारी

बाई म्हणतात, त्या संध्याकाळचं लिहा. काय लिहू? बाजव्याला कारखान्याची पाळी सुटली, देशी दारूच्या दोन पोटल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, रिकाम्या केल्या. दारूबंदीचं राज्य म्हणे — हाक मारायचा अवकाश, पोटली हातात! घराकडे येताना छाणीजवळ टेम्पो सायकलवाल्यावर घातला. त्याचा पाय गेला. नाव कोर्टात कळलं. भरतभाई. झालं लिहून.

३० जानेवारी

पॅरोलचं उत्तर नाही. वकील फोन उचलत नाही. आमटीत मीठ नाही. सगळ्यांचा वैताग आलाय.

त्यात आज गोलात बसवलं. मी सांगितलं, दारू सोडून २०२ दिवस झाले. टाळ्या. तर श्रीपतराव सगळ्यांदेखत — ‘सोडली कुठे? मिळत नाही म्हणून पीत नाही. मीही सहा वेळा अशीच सोडली.’ बाईंनीसुद्धा मान डोलावली! पहिल्या आठवड्यात हात लटलट कापत होते, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या, ते कोणी सोसलं? जेवलो नाही. बाहेर जाऊन दाखवतोच यांना.

९ फेब्रुवारी

पॅरोल मंजूर! १२ ते १८. घरून होकार गेला होता. श्रद्धानेच सही केली म्हणे.

श्रीपतराव म्हणाले, ‘मांडवात मध्ये बसा. कडेला दोस्त भेटतात.’ यांना कोणी विचारलं होतं?

१३ फेब्रुवारी

काल घरी आलो. आज हळद. कोपऱ्यावर पाळीतला जुना दोस्त भेटला. ‘लेकीचं लग्न, राव! थोडीशी!’ नाही म्हणालो. हात मात्र खिशात घट्ट धरून ठेवावे लागले.

दुपारपासून पोटल्या मिळतात त्या गल्लीवरून तीनदा जाऊन आलो. तिकडे काही काम नव्हतं. संयोगिताने विचारलं, कुठे होतात? पानं आणायला, म्हटलं. पानं घरात होती. तिने ती पाहिली. मला माझीच भीती वाटते आहे. पॅरोलचे अजून पाच दिवस!

१४ फेब्रुवारी, दुपार

लग्न लागलं. मांडवात मध्ये बसलो होतो. श्रद्धा पाया पडली, उठताना माझ्या तोंडाजवळ थांबली. वास घेतला तिने. मग गळ्यात पडून रडली. त्यातच सगळं आलं.

आता पाठवणी झाली. हॉल रिकामा. जुना दोस्त दाराशी उभा आहे.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा

त्याला टाळून मागच्या दाराने निघालो. संयोगिताला सांगितलं, रिक्षा केली, थेट जेलच्या दाराशी उतरलो. आत घ्या म्हटलं. शिपाई कागद बघून हसला. ‘चार दिवस बाकी छे, काका! अने आजनो टाइम तो पूरो थई गयो. काले सवारे दस वागे आवजो.’

उद्या सकाळी दहाला या म्हणे. समोरच्या बाकावर बसलोय. दहाला अजून सोळा तास आहेत.