माफी मागणारा आवाज

टिळक रस्ता, पुणे
शुक्रवार, १६ मे

ती. इंदूताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तो वाकूनच केलेला आहे. कंबर हल्ली अर्ध्यावर थांबते, उरलेला अर्धा समजून घ्यावा. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि मांजरी गावातला तो बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट जागच्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं बरी आहोत. (ह्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरातली धूळ स्पष्ट दिसू लागली आहे. फडकं कुठे असतं ते अजून दिसलेलं नाही.)

सात वर्षांनी हिचं पत्र कसं काय, असं तू चष्मा पुसत म्हणशील. मंगळवारी तुला बँकेतून आलेला फोन तू अर्धा ऐकून आपटलास, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. फोनवर सांगणार नाही. का, ते शेवटी कळेल.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला आणि त्यातून तू बोललीस. मी काही भोळी बाई नाही. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली, त्यातली पहिली पंधरा ट्रंक बोर्डावर, कानाला हेडफोन लावून. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस बारामतीचा की नगरचा, आणि फोन बायकोला आहे की सावकाराला, हे मी सांगत असे. अशा कानाला त्या आवाजाने पटवलं की ही तूच. बोलण्याआधीचं घसा खाकरणं तेच. 'पद्मे' म्हणताना शेवटचा स्वर ओढणं तेच. (त्याचा मला येणारा रागही तोच आला.) आवाज म्हणाला, जिन्यात पडले, हॉस्पिटलात आहे, शुभंकरचा फोन लागत नाही, ऐंशी हजार भरल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत, खाते क्रमांक लिहून घे.

इथपर्यंत माझं डोकं ठिकाणावर होतं. बाराव्या मजल्यावर राहणारी बाई लिफ्ट सोडून जिन्यात काय करत होती, हे मी विचारणारच होते. तेवढ्यात आवाज म्हणाला, "चुकलं गं माझं. माफ कर मला." मी खुर्चीवर बसले.

तुझ्या सोयीची गोष्ट तू विसरतेस, म्हणून पुन्हा नोंदवते. तुझ्या मुलाच्या, शुभंकरच्या, लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून तुझ्या सासरची सोळा माणसं होती (त्यातले एक तर आदल्या वर्षी वारले होते) आणि सख्ख्या मावशीचं नाव नव्हतं. मला 'समस्त मित्रपरिवार' या दोन शब्दांत बसवलं होतं. मी विचारल्यावर तू म्हणालीस, चूक छापखान्याची. मी म्हटलं, माफी माग. तू म्हणालीस, छापखान्यात जाऊन माग. मी लग्नाला आले नाही. तेव्हापासून आपलं बोलणं बंद.

तर, त्या आवाजाला मी विचारलं, नेमकं काय चुकलं? तो म्हणाला, सगळंच. मी म्हटलं, असं मोघम चालणार नाही, मुद्द्याने बोल. त्याच्याकडे मुद्दे नव्हते, म्हणून मीच पुरवले. पत्रिकेचं चुकलं का? चुकलं. पंच्याहत्तर साली माझी निळी साडी न विचारता सहलीला नेसून तिच्यावर आंब्याचा डाग पाडलास, ते? तेही चुकलं. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासमोर 'ही झोपेत बोलते' असं म्हणालीस, ते? फार चुकलं. शेवटी मी आणीबाणी तुझ्या नावावर घालून पाहिली. तीही आवाजाने कबूल केली. वीस मिनिटं हे चाललं होतं. आपल्या घराण्यात सलग वीस मिनिटं कुणी कुणाचं ऐकून घेतल्याची ही पहिलीच वेळ असावी.

आता तूच म्हणशील, आणीबाणी कबूल केली तिथेच कळायला हवं होतं. कळलं होतं की, ताई. तरीही मी पासबुक पिशवीत टाकलं आणि चपला घातल्या. एवढ्या माफीचं काहीतरी द्यायला हवं असं वाटलं, आणि वाटलं की समजा एखाद्या वेळी खरंच पडली असेल तर? हे दारात आडवे आले, "अगं, आधी तिच्या नंबरवर फोन तर कर." मी म्हटलं, आधी कुणी करायचा यावरच तर सात वर्षं गेली.

बँकेच्या भिंतीवर हेच वाक्य टपोऱ्या अक्षरांत लावलंय: पैसे पाठवण्याआधी त्या व्यक्तीला तिच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा. काउंटरवर सलोनी नावाची मुलगी होती. स्लिप बघून आणि माझी हकिगत ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

"आजी, तुम्ही त्यांना परत फोन केलात?"

"नाही."

"करून बघा ना एकदा."

"मी करणार नाही. ती थोरली आहे, तिने करावा."

"अहो, पण त्या हॉस्पिटलमध्ये आहेत ना?"

"म्हणून काय झालं?"

बिचारी पाणी प्यायली. ग्राहकांना भामट्यांपासून वाचवायला बँकेने पुष्कळ उपाय योजलेत, पण बहिणीला फोन करण्यापेक्षा ऐंशी हजार घालवलेले बरे असं मानणारा ग्राहक त्यांनी गृहीत धरलेला नाही. शेवटी तिने स्वतःच टेबलावरचा फोन ओढला आणि तुझा नंबर विचारला. तो मी न बघता सांगितला. (नंबर पाठ राहणं ही माझ्या नोकरीची सवय आहे. गैरसमज नसावा.)

पुढचं तुला माहीत आहे, पण स्पीकर चालू होता हे माहीत नाही. आधी तू ओरडलीस, "कोण? लवकर बोला, कैरीला मीठ लावलंय!" मग सलोनीने अदबीने विचारलं, तुम्ही बहिणीला फोन करून माफी मागितलीत का? त्यावर तू सबंध शाखेला ऐकवलंस, "मी? तिची? अहो, चूक छापखान्याची होती!" आणि फोन आपटलास. पेन्शनची अख्खी रांग माझ्याकडे वळून बघू लागली. मी सलोनीला म्हटलं, "हीच खरी. स्लिप फाडा."

थोडा वेळ रेकॉर्ड केलेला आवाज मिळाला की यंत्र हुबेहूब तसं बोलतं, असं तिने समजावलं. तुझे तर लोणच्यांचे अडतीस व्हिडिओ इंटरनेटवर आहेत, प्रत्येकात तू अखंड बोलतेस. भामट्यांना कष्ट पडले नसावेत.

शुभंकरला आणि सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
पद्मजा

ता. क. बँकेने ज्येष्ठांसाठी एक फॉर्म काढलाय. मोठी रक्कम हलवायची झाली की बँक आधी आपल्या एका विश्वासू व्यक्तीला फोन करून विचारणार. ह्यांचं नाव चालत नाही, कारण खातं दोघांचं आहे. (चालत असतं तरी दिलं नसतं. 'आज वीज तोडू' असं फोनवर धमकावणाऱ्या भामट्याला ह्यांनी चहाला बोलावलं होतं.) मला तोंडावर 'नाही' म्हणेल असं जगात एकच माणूस आहे, म्हणून तुझं नाव लिहून मोकळी झाले. सही शाखेत येऊन करावी लागते. बुधवारी अकराला ये. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. स्वारगेटपर्यंत बस, पुढे रिक्षा. जेवायला आमच्याकडेच.

ता. क. २. कैरीच्या लोणच्यात मोहरी जास्त पडतेय. अडतीसही व्हिडिओ मी तपासाचा भाग म्हणून पाहिले. मंगळवारच्या आधी पाहिलेले यात धरलेले नाहीत.

ता. क. ३. माझ्या आवाजात फोनवर कुणी 'चुकलं माझं' म्हणालं तर ताबडतोब ठेवून दे, ते यंत्र असेल. म्हणून तर हाताने लिहिलं. हे अक्षर तू ओळखतेस, पाटीवर हात धरून तूच गिरवून घेतलं होतंस. शुभंकरच्या लग्नाला मी यायला हवं होतं. चुकलं माझं.

पण चूक छापखान्याची नव्हती.