जबाबदार अधिकारी

४ मार्च
बढती! मला! सांडपाणी विभागाची ‘जबाबदार अधिकारी’. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला. एरवी कधी नावानेही हाक न मारणारा माणूस आज म्हणतो, “ताई, तुमच्यावर फार विश्वास आहे.” पाणी कुठेतरी मुरतंय.

५ मार्च
सापडलं! नवा कायदा लागू झालाय. कारखान्याचं घाण पाणी मुद्दाम नदीत सोडलं तर आता नुसता दंड नाही – तुरुंग. आणि जबाबदार म्हणून ज्याचं नाव, तो आधी आत. आजवर मालक वीजबिल भरावं तसा दंड भरायचे आणि रंगाचं पाणी खुशाल सोडायचे. आता बळीचा बकरा हवाय. बकरी मिळाली!

दादा तिथेच रंगखात्यात मुकादम आहे. त्याला सांगितलं तर म्हणे, “नशीब उघडलंय तुझं. सही कर अन् गप्प बस.” आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय.

६ मार्च
सही केली. पण अट घातली – नदीकडच्या व्हॉल्व्हला कुलूप लागेल आणि चावी माझ्याकडे राहील. मालक हसले. “चावी कशाला?” म्हटलं, “तुरुंगात मी जायचं, मग चावी तुमच्या खिशात कशी?” वकील शेजारीच बसला होता. त्याच्यासमोर मालकांना नाही म्हणता येईना!

७ मार्च
कुलूप लावलं.

१४ मार्च
सांडपाण्याची टाकी काठोकाठ भरली. पाणी शुद्ध करायचं यंत्र धूळ खात पडलंय, चालवायला खर्च येतो म्हणे. मग रंगखातं बंद ठेवा, म्हटलं. ठेवावंच लागलं! कामगार घरी बसले. शिव्या मात्र मालकाला नाहीत, मला.

दादा जेवता जेवता ताट सरकवून उठला. आई म्हणाली, “सगळ्या जगाचा मक्ता तूच घेतलायस का गं?” घेतलाय! खालच्या वस्तीतल्या बायका त्याच पाण्यात कपडे धुतात, हाताची सालटी निघतात त्यांच्या. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण चावी देणार नाही. काढा नोकरीवरून!

१७ मार्च
दादा मालकांच्या केबिनमधून बाहेर आला. काय काम होतं विचारलं, तर म्हणाला, “पगाराचं.” माझ्याकडे बघेना.

१९ मार्च
आज माझी सुट्टी. भरदुपारी वॉचमनचा फोन – “ताई, नदी लाल झालीय!” तशीच धावले. कुलूप तोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. घरी येऊन पर्स पालथी केली. चावी नाही.

दादाने लपवलंही नाही. “खातं सुरू करायचं होतं. मालक म्हणाले, तुझं नाव कुठेच येणार नाही.”

बरोबर. येणार होतं ते माझं. आणि हे त्याला ठाऊक होतं! आई मध्ये पडली, “घरातली गोष्ट घरात राहू दे.” खूप रडले. रागानेच जास्त.

२० मार्च
पोलीस चौकीत गेले. हुकूम देणाऱ्याचं नाव सांगितलं, मग उघडणाऱ्याचं. हवालदाराने मान वर करून विचारलं, “हा तुमचा कोण?”
म्हटलं, “सख्खा भाऊ. लिहा.”