आण्णांचा बारा वर्षांचा कायदा

३ मे, रविवार

सांगून टाकलं! जत्रेची जेवणं झाल्यावर, मागच्या ओट्यावर, आई-आण्णा दोघंच असताना. मदुराईच्या काकांनी लहानपणी माझ्याशी काय केलं ते. सगळं नाही. पण कळेल एवढं.

ठरवलं नव्हतं. सकाळी मंडपात गलाईवाल्यांचा सत्कार झाला. आमच्या गावची निम्मी घरं मुलखाबाहेर सोनं गाळायची दुकानं चालवतात, आणि जत्रेला मोठाल्या गाड्या घेऊन येतात. काका म्हणजे मावशीचे यजमान. फेटा बांधून घेताना असे बसले होते, की सोनं या माणसानंच शोधून काढलं! मग माईकवर म्हणाले, "जूनपासून समीक्षा आमच्याकडं. इंग्लिश मीडियम." दादाची समीक्षा, नऊ वर्षांची. टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या, वेडीनं.

अकराव्या वर्षी मलाही असंच नेलं होतं, शाळेसाठी.

आई रडत राहिली. आण्णांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "बारा वर्सं झाली की गं. मुदत गेली."

४ मे

आण्णांचं काय सांगावं. शेजाऱ्याशी बांधाचा दावा चाललाय, मी शाळेत जायच्या आधीपासून. एक तारीख चुकवली नाही. धुवट टोपी, पिशवीत नकाशा, येताना कोर्टाबाहेरची भजी. गाव त्यांना 'वकीलसाहेब' म्हणतं. ती थट्टा आहे हे एकट्या आण्णांनाच कळलेलं नाही. त्यांना एक कायदा तोंडपाठ आहे — दुसऱ्याची जमीन कुणी बारा वर्षं कसली आणि मालकानं हूं की चूं केलं नाही, की गेली ती त्याच्या हातातून. त्या हिशेबात आता मी.

"आण्णा, मी काय बांध हाय का?"

हसले नाहीत. म्हणाले, "आन् झालं ते तिकडं मदुराईला. कोर्ट तितलं. तमिळ येतंय का तुला?"

येतं की. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं.

लिहिताना हसू येतंय, पण राग खूप आलाय. त्यांना खरंच तसं वाटतं, की मुदतीच्या आड लपलेत?

५ मे

परत साताऱ्याला. कारखान्यात मापं चुकवली. साहेब म्हणाले, "शिवांजली, जत्रा उतरली नाही वाटतं?" नाहीच उतरली.

७ मे

आईचा फोन. "समीक्षाला धाडत न्हाई, मी बगते. बाकी कशाला उगाळायचं? तुज्या मावशीचं काय व्हईल, सांग की."

तिथंच तर माझं घोडं अडलंय. मावशी रोज माझी वेणी घालायची. ताप आला की उशाशी बसायची. काकांना कोर्टात उभं करायचं म्हणजे तिचं घर मोडायचं.

पण समीक्षा नाही गेली तर दुसरं कुणीतरी जाईल. काका दर दोन-चार वर्षांनी गावातलं एक लेकरू शिकायला नेतात. पुण्य म्हणून!

११ मे, सोमवार

रजा टाकून काल गावी आले, आज सांगलीला निघाले. कोर्टात मोफत सल्ला मिळतो म्हणून. घरातून पाय काढते तर दारात आण्णा — टोपी, पिशवी, सगळा सरंजाम. "मी आपला ऐकाया येतो." पिशवीत नकाशासुद्धा होता. कशाला, देव जाणे!

वकील अंकिता मॅडम. माझ्याएवढ्याच. आण्णांनी आधी त्यांच्या मागे कुणी मोठे वकील आहेत का ते पाहिलं. मग बारा वर्षांचा कायदा ऐकवला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आण्णा, तो जमिनीचा. मुलीवर झालेल्या इतक्या गंभीर गुन्ह्याला मुदत नसते. त्या वेळी ती अठराच्या आतली होती ना? मग लहान मुलांसाठीचा कायदा लागू. दोन हजार बारापासूनचा आहे, आणि हे झालं चौदा साली."

"कुटल्या कलमात?"

मॅडमनी पुस्तकच पुढे ठेवलं. आण्णांनी चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून वाचलं. बराच वेळ. मग म्हणाले, "आन् मदुराई?"

तक्रार आमच्या तालुक्याला, विट्यातही देता येते. ते नोंदवून तिकडे पाठवतात. जबाब बाई अधिकारी घेतात, हवं तर घरी येऊन. माझं नाव कुठं छापून येणार नाही, सुनावणी बंद दाराआड. सरकारी वकील असतोच, शिवाय माझ्या बाजूनं एक फुकट मिळतो. नुकसानभरपाई मागता येते.

गोड गोडच बोलल्या असंही नाही. जुनं प्रकरण, डॉक्टरी पुरावा नाही. माझ्या शब्दाला वजन आहे, पण उलटतपासणीत तोच शब्द पिंजून काढतील. वर्षं जातील. वर्षं जातील म्हटल्यावर आण्णांनी मान डोलावली — ते त्यांना नवीन नाही!

"त्या वेळी कुणाला सांगितलं होतं का? कुणी माहीत असून गप्प बसलं असेल, तर तोही गुन्हा धरतात."

नाही म्हटलं. एकदा फक्त मावशीला म्हणाले होते, पोट दुखतंय, मला घरी धाड. ती केस विंचरत होती. विंचरतच राहिली.

येताना एसटीत आण्णा खिडकीकडे तोंड करून बसले. विटं जवळ आल्यावर म्हणाले, "मुदत गेली म्हनलो तवा मला बरं वाटलं हुतं गं. आता काय कराया नको म्हून. लय वंगाळ बाप हाय मी."

मी त्यांचा हात धरला. भजी खाल्ली नव्हती त्यांनी आज.

१४ मे

दिली तक्रार. विट्यात. बाई अधिकारी साध्या कपड्यांत होत्या. मध्येच थांबले तर थांबू दिलं, पाणी दिलं. शेवटी सही केली.

आणि बाहेर आमचे वकीलसाहेब! बाकावरच्या सगळ्यांना कायदा शिकवत बसलेले. "गुन्हा कुटंबी घडू द्या, फिर्याद कुटंबी देता येती. आन् नाव एकदम गुप्त!" हे इतकं मोठ्यानं, की मला आतमध्ये ऐकू आलं. बाहेर येऊन त्यांना अक्षरशः ओढून नेलं.

दादाला आईनंच सांगितलं. तो माझ्याजवळ बसून राहिला. समीक्षा मात्र फुरंगटलीय, नवी बॅग घेऊन झाली होती ना! म्हटलं, तमिळ मी शिकवते. भाजीवाल्याचं.

१६ मे

मावशीचा फोन. आईनं तिला परवाच तक्रारीचं सांगितलं होतं. मागे रेल्वेचा खडखडाट. "मिरजंला उतरतीय. एकटीच हाय. पोट दुकतंय म्हनलीस, तवाच मला कळलं हुतं, शिवा. जबाबात माजं बी नाव घाल. मला आत टाकलं तर टाकू देत."

तिला माहीत होतं.

आण्णा टोपी घालून तिला आणायला निघाले. मी म्हटलं, मी नाही येत. तोंड नाही बघायचं तिचं.

मग चपला घातल्या.