दाढ तर सिंपलच आहे

६ ऑक्टोबर, सोमवार
खालची डावी दाढ ठणकतेय. श्यामला म्हणाली, आजच डेंटिस्टला फोन कर. बायकोला सगळ्याचीच घाई. दातांची कामं पुण्यात करायची, हा आमच्या घरचा नियम. डिसेंबरमध्ये जातोच आहोत. तोवर लवंग.
शिवाय पंचवीसला इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. सूत्रसंचालन अर्थात माझं. माझ्याशिवाय तो उभाच राहत नाही.

९ ऑक्टोबर
नेटवर अभ्यास केला. दात काढण्याचे दोन प्रकार. सिंपल : दात वर दिसतो, हलवून सैल करतात, चिमट्याने ओढतात. सर्जिकल : हिरडी कापतात, दाताचे तुकडे करून काढतात, टाके घालतात. हा निष्काळजी लोकांसाठी. माझी दाढ ढळढळीत दिसते, म्हणजे सिंपल. ऑफिसात रवीला लंचभर समजावलं. त्याने विचारलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर
श्यामलाने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. इथली, ब्रॅकनेलची डेंटिस्ट म्हणाली, आज सहज निघेल. मी नम्रपणे पुण्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, तोवर त्या बाजूने कडक काही खाऊ नका. इंग्रज बाईचं कडक म्हणजे टोस्ट.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सासूबाईंच्या चकल्या कुरिअरने आल्या. फक्त उजव्या बाजूने खायच्या असं ठरवलं. सहाव्या चकलीपर्यंत पाळलं.
सातवीला कट्ट आवाज. चकली शाबूत.

२३ ऑक्टोबर
दाढ हिरडीपाशी तुटलीय, वर काही दिसतच नाही. डेंटिस्ट म्हणाली, सर्जिकल. मला सगळं माहीत आहे हे सांगायचं होतं, पण तोंडात तिचे दोन्ही हात होते. तुकडे झाले, टाके पडले. परवापर्यंत सूज उतरेल. फार तर शेरोशायरी जरा कमी करू.

२५ ऑक्टोबर
गाल पुरीसारखा फुगलाय. आरशासमोर तालीम केली. ‘रसिकहो’ म्हणताना लाळ कुर्त्यावर. मंडळाच्या अध्यक्ष सुहासिनीताईंना श्यामलानेच कळवलं आणि एकटीच गेली. मला फार वाईट वाटतंय. तिकडे काय गोंधळ उडाला असेल!

२६ ऑक्टोबर, रविवार
गोंधळ नाही. श्यामला म्हणते, माझ्या जागी मंडळातल्या ईराने कागदावरची नावं वाचली, बास. कार्यक्रम पहिल्यांदाच वेळेत संपला. जेवण गरम मिळालं.
दुपारी सुहासिनीताईंचा फोन. किती आपुलकीने चौकशी केली! मग विचारलं, दुसऱ्या बाजूची दाढ कशी आहे? तीही काढायची असेल तर उगाच घाई करू नकोस म्हणाल्या, पुढच्या दिवाळीपर्यंत थांब.