पहिल्या बटनाची जागा

लाखांदूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. सचिनला अंजूताईचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. पुण्यात तू वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू माझ्याशी दोन मिनिटं बोलतोस आणि तुझ्या भाऊजींशी तासभर, म्हणून पत्र.

भाऊजींच्या डोक्यात सध्या व्हिडिओ गेम शिरला आहे. गिऱ्हाइकांची कपाटं दुकानात अर्धवट पडली आहेत आणि हे घरी मशीन बनवत आहेत, पूर्वी एसटी स्टँडजवळ असायची तशी, दोघांनी उभं राहून खेळायची. ताटात जॉयस्टिक मांडून बसतात. एकीला गोल गोळा, एकीचा दांडा छोट्या वांग्यासारखा. बटनांचं तर विचारूच नकोस. एक टकटक वाजतं, एक मुकं, एक कडक, एक बोट टेकताच बसतं. म्हटलं, घ्या कोणतंही. तर म्हणाले, "अवो, ज्याचा हात त्याचं बटन." हात कोणाचा, ते मात्र सांगेनात.

माझ्या मनात पाल चुकचुकली. परवा प्लायवूडखाली एक कागद सापडला. त्यावर पेन्सिलने काढलेला पंजा, लांब बारीक बोटांचा. यांचा पंजा म्हणजे फावडं. खोटं कशाला सांगू, मला बाईच दिसली. भांडायच्या तयारीने कागद घेऊन दारात आले. उजेडात पाहिलं तर अंगठ्याशेजारचं बोट एका पेराने तोकडं.

बाई असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर वाटलं.

विचारल्यावर हे कबूल झाले. "सचिन होळीले येऊन राहिला ना. त्यानंच पाठवला कागद. त्याच्या बाजूचं पहिलं बटन खाली घेतो अन् हलकं टाकतो. बोट दुखते म्हणे अजून." मग प्लायवूडवर खुणा करता करता म्हणाले, "कसं गेलं वो त्याचं बोट?"

लग्नाला अठरा वर्षं झाली, आजवर कधी विचारलं नव्हतं. सहज विचारलं की माहीत असून? तेव्हापासून मी यांचा शब्दन् शब्द पारखून घेते आहे. तू काय सांगितलंस त्यांना? तुला काय आठवतं?

मी नेहमीचंच सांगितलं. चारा कापायच्या कुट्टीच्या मशीनमध्ये धानाचं तणीस अडकलं, लाईट गेली होती, सचिनने स्वीच बंद न करताच हात घातला, लाईट आली. बाबाही तेच म्हणत राहिले, "स्वीच बंद कराची अक्कल नाही पोट्ट्याले." तू मान खाली घालून ऐकायचास.

तू बंद केला होतास, सचिन. लाईट आल्याबरोबर मी चालू केला. म्हशी ओरडत होत्या, मला घाई होती, तुझ्याकडे पाहिलंच नाही. तू किंचाळलास आणि माझ्या तोंडून निघालं, "लाईट आली." सगळ्यांनी तेच खरं धरलं. चूक एक वेळ माफ होईल. पण दवाखान्यात तू मला विचारलंस, "ताई, मी बंद केलता ना?" तेरा वर्षांचा होतास. मी म्हटलं, नाही. बावीस वर्षं मला त्याचीच लाज वाटते.

हे वाचून यावंसं वाटलं नाही, तर भाऊजींना कारण मीच सांगेन. आलास तर दवाखान्यातला प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा विचार. या वेळी मी हो म्हणेन.

तुझी मोठी बहीण,
अंजू