मच्छिंद्रकाकांच्या जागी मी

५ जानेवारी १९९२, रविवार
आज दुपारी मंडळाच्या खोलीत कॅरम खेळता खेळता मान वर केली आणि माझं आयुष्य बदललं. भिंतीवर आमच्या कबड्डी मंडळाचा १९६७ सालचा ग्रुप फोटो. तालुक्यात पहिले आल्ते तेव्हाचा. मागच्या रांगेत आमचे मच्छिंद्रकाका आणि काकांचा हात शेजारच्या भुजंगरावांच्या खांद्यावर. काका वारले. भुजंगरावही वारले. भुजंगराव म्हणजे बेबीनंदाचे सख्खे चुलते.

संध्याकाळी
प्लॅन. त्या पहिल्या नंबराला पंचवीस वर्षं झाली म्हणून सव्वीस जानेवारीला तोच फोटो पुन्हा काढायचा. तीच जागा, तीच पोज. जे वारले त्यांच्या जागी घरचा माणूस. काकांच्या जागी मी. भुजंगरावांना मूलबाळ न्हाई, त्यांच्या भावाला, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष रामराव यांना, बेबीनंदा एकुलती. रामराव पुढच्या रांगेत स्वतःच्याच जागी, म्हणजे भुजंगरावांच्या जागी ती. माझा हात तिच्या खांद्यावर, साऱ्या गावादेखत. मंग रामरावांना लग्नाचं बोलावंच लागेल. कॉलेज सोडलं म्हणून लोक म्हणतात याला डोकं न्हाई.

८ जानेवारी
मीटिंग. म्हातारे तयार, पण हाफचड्डीत न्हाई. धोतर पास केलं. घरचा माणूस म्हणजे बाईमाणूस पण, असं मी म्हणालो. आबाराव म्हणाले, कबड्डीच्या फोटोत बाई कशाला रे, फुगडी हाय का? मी तापलो. स्त्री-पुरुष समानतेवर बोललो, टेबलावर हात आपटला, आबारावांचा चहा सांडला. (कॉलेजात सरांपुढंही असाच बोललो होतो. तिथं निकाल वेगळा लागला.) शेवटी रामराव म्हणाले, बरं बाबा, घरचं कोणी बी चालंल, बस खाली. जिंकलो.

९ जानेवारी
साखराकाकू म्हणाल्या, मंग तुझ्या काकाच्या जागी मीच उभी राहते की, मी काय परकी हाय? म्हणालो, काकू, उन्हात तुम्हाला दगदग कशाला. काकू म्हणाल्या, काल तर लई समानता चालू होती म्हणं. या गावात बातमी फार जल्दी पसरते.

१३ जानेवारी
ठराव: संताप बिलकुल बंद. रोज शंभर जोर. आज बारा. खुंटीवरच्या शर्टाच्या खांद्यावर हात ठेवायची प्रॅक्टिस केली. आई दारात उभी होती. शर्ट काढून धुवायला घेऊन गेली.

१७ जानेवारी
पिठाच्या गिरणीवर ती स्वतः बोलली. म्हणाली, धर्मराजभाऊ, फोटोत माझ्याऐवजी घरचं दुसरं कोणी उभं राह्यलं तर चालंल ना? 'भाऊ' हे रांगेतल्या बायकांसाठी. बाकीचं लाजणं. माझी परीक्षा घेऊन राह्यली. मी मोठ्या मनानं म्हणालो, घरचं कोणी बी चालंल, रूलच तसा केलाय. ती हसली. दळण तिथंच विसरून घरी आलो. आईनं परत पाठवलं.

२२ जानेवारी
रामरावांकडं जालन्याचे पाहुणे आल्ते म्हणे. पोरगा बियाण्याच्या कंपनीत, मोटारसायकल आहे. असू दे. पाहुणे येतात, पोहे खातात, जातात.
अंबडला जाऊन फोटोग्राफर ठरवला. ताकीद दिली की जुना फोटो शेजारी धरून बघायचं, बोटभर फरक चालणार न्हाई, हात बराबर जागेवर असल्याशिवाय बटण दाबायचं न्हाई. म्हणाला, एवढं कडक गिऱ्हाईक आजवर आलं न्हाई.

२६ जानेवारी, सकाळी
शर्टाला दोनदा इस्त्री. सेंट लावला.

दुपारी
लिहू नये असं वाटतं. लिहितो.
झेंडावंदन झालं, शाळेच्या खुर्च्या मांडल्या. भुजंगरावांच्या जागी सफारीतला एक उंच माणूस. मी म्हणालो, ओ, ही जागा घरच्या माणसाची आहे. रामराव म्हणाले, घरचेच हायेत, आमचे जावई परमेश्वर, परवा सुपारी फुटली. पळत काकूंकडं गेलो. म्हणालो, चला, तुम्हीच उभ्या राहा. काकू म्हणाल्या, नको बाबा, उन्हात दगदग होती.
निघून जाणार होतो, पण बेबीनंदा व्हरांड्यातून बघत होती. हाताची घडी घालून उभा राह्यलो. फोटोग्राफर ओरडला, मागचे, हात खांद्यावर. मी ऐकलं न्हाई. तो जुना फोटो घेऊन माझ्यापर्यंत चालत आला. म्हणाला, तुम्हीच बोल्लते ना? आबाराव म्हणाले, ठेव की रे हात, इथं ऊन लागून राह्यलं.
ठेवला. जावई हळूच म्हणाले, तुम्हीच सगळा पुढाकार घेतला म्हणे, थँक्यू.

२ फेब्रुवारी
फ्रेम आली. टांगायला मीच, कारण फोटोचं काम माझ्याकडं. खिळा वाकला, दुसरा ठोकला. साऱ्या फोटोत हसणारा मी एकटा. व्हरांड्याकडं बघून हसलेलो, दिसतं मात्र जावयाच्या आनंदात.
रामराव लेकीला घेऊन बघायला आले. तिनं बराच वेळ फोटो बघितला. मंग म्हणाली, भाऊ, यातून ह्यांचा एवढाच कापून, मोठा करून मिळंल का?
म्हणालो, मिळंल. पण खांद्यावर माझी चार बोटं येतील.
ती म्हणाली, येऊ द्या की.
ते गेले. हातोडी उचलली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.