वाळूत हात दुखतातच

मंगळवार, २१ सप्टेंबर

आले एकदाचे कॅनडावाले! रविवारी राष्ट्रांची शर्यत, आणि म्हणे चार दिवसांत पोरांना वाळू शिकवा. तीस वर्षं मी बेल्जियममधल्या केम्पनच्या या वाळूत मोटोक्रॉसची, मोटारसायकल पळवणारी पोरं तयार करतेय. वाळू कळायला दोन हिवाळे लागतात. यांचा मॅनेजर रसेल ट्रॅक बघून आला, तोही जीपमधून. पायी फिरला असता तर काय पाय झिजले असते?

बुधवार, २२ सप्टेंबर

तिघांतला एमरिक तेवढा बरा. वय एकवीस. पण जन्म गेला घट्ट चिकणमातीत! एक चाकोरी धरली की सोडतच नाही. अरे, मागच्या फेरीतली चाकोरी या फेरीत जागेवर नसते! उंचवटा आला की घाबरून मुठीतली रेस सोडतो, पुढचं चाक रुततं आणि हा हँडलवरून पुढे. आज अकरा वेळा पडला. मी मोजलं.

"मागे सरक! मूठ पीळ!" ओरडून घसा बसला माझा.

"बाई, भीती वाटते हो."

निदान खरं बोलला. रविवारी पहिल्या पंधरात आला तर इथल्या एका संघात त्याला जागा मिळेल, त्यांचा माणूस बघायला येणार आहे. नाही आला तर घरी जाऊन बापाची लाकडाची वखार.

गुरुवार, २३ सप्टेंबर

रसेलशी कडाक्याचं भांडण. वाळूत पुढचे शॉकॲब्सॉर्बर कडक लागतात, नाहीतर गाडी नाक खुपसते. तो म्हणतो, "लिव्ह, पोराचे हात मोडतील." म्हटलं, मैदान माझं, माझ्या मैदानावर माझं ऐकायचं! स्वतः पाना घेऊन कडक केले.

एमरिक दोनदा पडला, एकदा गाडी अंगावर घेऊन. उठला तो कुरकुरतच. मनगट दुखतंय म्हणे. म्हटलं, "वाळूत हात सगळ्यांचेच दुखतात. दुखत नसतील तर समज, तू रेस सोडतोयस." माझा बाप मला हेच सांगायचा. आणखी वीस फेऱ्या मारायला लावल्या. आणि काय मारल्या! शेवटच्या पाच तर अगदी आमच्या पोरांसारख्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. अर्थात त्याला दिसू दिलं नाही.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

ट्रॅक सपाट करून ठेवलाय. रसेल खूश — "वाळू वाटते तेवढी वाईट नाही!" मूर्ख! रविवारी दुपारी तिथे कमरेएवढे खड्डे असतील.

शनिवार, २५ सप्टेंबर

माझ्या पाठीमागे शॉकॲब्सॉर्बर सैल केले! पात्रता फेरीत एमरिक सतरावा. रसेलला सगळ्यांसमोर धरला.

"पोरानंच मागितलं, लिव्ह."

"पोरानं उद्या दुधाची बाटली मागितली तर तीही देशील?"

एमरिक खाली मान घालून बसला होता. उजवा हातमोजा न काढता, डाव्या हातानं तळलेले बटाटे चिवडत. लाडोबा! गुरुवारी एवढं शिकवलं ते सगळं वाळूतच गेलं.

रविवार, २६ सप्टेंबर

संपलं. पहिल्या शर्यतीत तेविसावा, दुसरीत एकतिसावा. लांब सरळ पट्ट्यात, जिथे मूठ पूर्ण पिळायची, तिथे प्रत्येक फेरीत हा रेस सोडत होता! प्रत्येक फेरीत! त्या संघाचा माणूस अर्ध्यावरच उठून गेला.

दोन शर्यतींच्या मधे मी त्याला गाठलं. "भित्रा आहेस तू," म्हटलं, "सरळ भित्रा." त्याचा उजवा हात धरून मुठीवर ठेवला आणि वरून माझ्या हातानं पिळला. "अशी! अशी पिळायची!" पोरगा पांढराफटक पडला. बरं झालं, म्हटलं, थोडी तरी लाज वाटली.

घरी येताना बटाटेवाली मारिएट गाडीवरून ओरडली, "काय गं, तुझे कॅनडावाले बुडाले म्हणे वाळूत!" म्हटलं, वाळूचा दोष नाही, काळजात दम लागतो. ती हसली. मला अजून हसू येत नाहीये. चार दिवस फुकट घालवले मी त्या पोरावर.

सोमवार, २७ सप्टेंबर

रसेलचा इस्पितळातून फोन. एमरिकच्या उजव्या मनगटातलं हाड मोडलंय. कालचं नाही, डॉक्टर म्हणतात तीन-चार दिवसांपूर्वीचं. नंतरच्या ताणानं दोन्ही तुकडे सरकलेत. पुन्हा मूठ पिळता येईल की नाही, सांगता येत नाही.

रसेल म्हणाला, "मी खूप चिडलो त्याच्यावर. कुणाला तरी सांगायचंस की रे, म्हटलं. तर म्हणतो — बाईंना सांगितलं होतं."